वाणसामानाचे चिंचोके

महिना सरत आला की गल्लीच्या तोंडाशी असलेल्या वाण्याच्या दुकानावरून जाताना मी पदर कपाळाच्याही पुढे ओढून घ्यायचे. वाणी भला माणूस होता. "वैनी, बरं हाय न्हवं?" एवढंच विचारायचा. पण मला वाटायचं, हा आपली बाकीच विचारतोय. "बरं आहे" असं पुटपुटून मी पुढे सटकायचे आणि घर येईपर्यंत मागे बघायचे नाही. धास्ती घेणं हा माझा जन्माचा स्वभाव. दाराला कडी घातली की नाही हे बघायला मी अजूनही अर्ध्या वाटेतून परत येते.

मी घाटाखालची, खाडीकाठच्या गावातली. शाळा दुसरीपर्यंत झाली. पुढे धाकटा भाऊ जन्मला, त्याला मांडीवर घ्यायला कुणीतरी हवं म्हणून पाटी देवळीत ठेवली, ती तिथेच राहिली. मला अक्षरं लागत होती, पण जोडाक्षर आलं की दम लागायचा, आणि बेरीज बोटं संपेपर्यंतच. त्यात वाण्याची वही मोडीत आणि मी शिकलेली बाळबोध. त्याने कधी वही पुढे धरून "बघा की वैनी" म्हटलं तर मला कागदावरून मुंग्या चाललेल्या दिसायच्या. मी नुसती मान हलवायचे.

तेव्हा कोल्हापुरात महाराजांचं राज्य होतं. स्टेशन होऊन बरीच वर्षं झाली होती, पण घाटाखाली जायचं तर बैलगाडीच. कोल्हापूरचे गाडीवान गूळ भरून घाट उतरायचे आणि मीठ, नारळ, सुकी मासळी घेऊन परत चढायचे. माझे सासरे त्यांतले एक. त्यांचा मुक्काम आमच्या घरापुढच्या खळ्यात पडायचा. तिथेच त्यांनी मला मुलासाठी मागून घेतलं. लग्न झालं त्याच वर्षी सासरे गेले, आणि पाठोपाठ माझे वडील. गाडीबैल विकले. मालक गुळाच्या पेठेशेजारी धान्याच्या बाजारात मापाडी म्हणून लागले. नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती, आणि आजही ते माझ्या तोंडी येत नाही. म्हणून मालकच म्हणते. घरात आम्ही तिघंच. मालक, मी आणि माझी सासू. सासूला तिथे आत्ती म्हणतात. मलाही तो शब्द जिभेला बरा वाटला. आईच्या जवळपास जाणारा.

आईला बघून तीन पावसाळे झाले होते. माहेरहून न्यायला कुणी यायचं तर वडील नाहीत, भाऊ अजून लहान. आपण जायचं तर गाडीभाडं आपल्या पदरचं. मालकांची काही ना नव्हती. "वाण्याची बाकी एकदा फिटू दे. शिमग्याला जाऊ की," असं ते दर शिमगा उलटल्यावर म्हणायचे. पण हातात आलेली मिळकत वाण्याच्या दुकानात जायची, आणि बाकी जिथल्या तिथे. मला घाटापेक्षा ती बाकीच उंच वाटायला लागली होती.

मग एका आषाढात, पाऊस बाहेर पाऊल टाकू देत नव्हता तेव्हा, माझ्या मनाने घेतलं की घरात आलेला जिन्नस जातो कुठे ते तरी बघावं. तीन माणसांचं खाणं ते केवढं! लिहून ठेवायचं म्हटलं तर कागद महाग आणि माझा हात कच्चा. म्हणून चुलीशेजारच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढायला लागले. तांदळाच्या डेऱ्यातून एक मापटं काढलं की एक रेघ. जोंधळ्याची वेगळी, डाळीची वेगळी, तेलाची, गुळाची. पहिली रेघ ओढताना तोंडातल्या तोंडात "लाभ" म्हणायचे. बाजारात मापाडी पहिलं माप टाकताना एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. मालक झोपेतसुद्धा तसं मोजायचे.

रेघांचं रान चांगलं माजलं होतं. मला बघून बघून धीर यायचा. आणि पंचमीच्या आदल्या दिवशी मी आडावरून धुणं घेऊन परत आले, तर आत्ती बाहीला शेण लागू नये म्हणून हात लांब धरून भिंत सारवत होत्या. सणाला भिंत सारवायची नाही तर कधी? आणि त्यांना काय ठाऊक, ते ओरखडे म्हणजे माझं माहेर होतं. त्या उलट म्हणाल्या, किती काजळी धरली होती बघ, आता कशी उजळली.

मी तिथेच बसकण मारली आणि रडले. आत्ती घाबरल्या. शेणाच्या हाताने मला धरता येईना, नुसत्या "काय झालं, काय झालं" करत भोवती फिरल्या. संध्याकाळी मालकांना कळलं तर त्यांनी ओल्या भिंतीकडे बघितलं आणि गंभीर चेहरा करून म्हणाले, "म्हंजे ह्या म्हयन्यात आपुन काय खाल्लंच न्हाई. सांगतो उद्या वाण्याला."

आत्तींनी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. मला मात्र रडता रडता हसू आलं आणि त्याचाच राग आला.

शेजारच्या खोलीत एक पिंजारी राहायचा. त्याच्या बायकोला सगळी गल्ली बुबू म्हणायची. तिच्या घरात बारा महिने कापूस उडायचा. तिच्या भुवयांवर, डोक्यावरच्या ओढणीवर सदा पांढरी लव. आमच्या दोन घरांत एक कुडाची भिंत, त्यामुळे माझं रडणं तिला आधीच ऐकू गेलं होतं. दुसऱ्या दिवशी ती मागच्या बोळात मला गाठून म्हणाली, "बच्ची, भिंतीवर हिसाब ठेवतात व्हय? सण आला की भिंत सासूची." मग तिने आपली तऱ्हा दाखवली. गाद्या-रजया भरायला कुणाकडून किती कापूस आला, किती पिंजला, किती परत गेला, हे सगळं ती चिंचोक्यांवर ठेवायची. गिऱ्हाईकागणिक एक मोगा, म्हणजे मातीचं लहान मडकं. तिच्याकडचे काठ फुटलेले पाच लहान मोगे तिने मला दिले आणि ओंजळ ओंजळ चिंचोके. "हे शेणानं पुसत न्हाईत," म्हणाली. त्या बाईचे उपकार माझ्यावर पुष्कळ आहेत, हा त्यातला पहिला.

मोगे फडताळाच्या खालच्या फळीवर ओळीने मांडले, चिंचोके पिशवीत घालून शेजारी ठेवले; रेघेच्या जागी आता चिंचोका. कुठला कशाचा ते कळावं म्हणून प्रत्येकाच्या बुडाशी तो तो जिन्नस चिमूटभर टाकला. तेलाच्या मोग्यात दोन शेंगदाणे. मालक पहिले दोन दिवस टिंगल करत होते, पण मापाच्या बाबतीत त्यांना गप्प बसवेना. मी मापटं भरते ते शिगेचं भरते, वर डोंगर ठेवते, असं त्यांनी बघितलं. त्यांनी बांबूची एक पट्टी तासून आणली आणि मापावरून सपकन फिरवायला शिकवलं. आमच्याकडे खळ्यात सपाट माप घालणं म्हणजे कद्रूपणा. मला ती पट्टी फिरवताना पहिल्यांदा चोरी केल्यासारखं वाटलं. मग सवय झाली.

श्रावण गेला. बाकीच्या मोग्यांचा आणि डेऱ्यांचा मेळ बसत होता, एकट्या गुळाचा बसेना. ढेप बघावी तर कोपऱ्यापासून झिजत आलेली, आणि मोग्यात चिंचोके बोटांवर मोजण्याइतके. मला लगेच घोर लागला. आपण टाकायला विसरतो की काय, की डोक्यात काही बिघडलंय? मी गूळ फोडला की चिंचोका टाकून वर हात लावून बघायला लागले. तरी कमीच.

एका दुपारी मी मागच्या दारी भांडी घासत होते. आत बघते तर आत्ती फडताळापुढे उकिडव्या बसून गुळाच्या मोग्यातून एक चिंचोका काढतात, आणि पिशवीत परत टाकतात. अगदी सावकाश, देवाचं काम केल्यासारखं.

मी विचारलं, आत्ती, हे काय?

त्या दचकल्या नाहीत, लाजल्या नाहीत. "सकाळी त्यो हातकणंगल्याचा गाडीवान येऊन गेला न्हवं? त्याचा गूळ काढून टाकला."

"पण गूळ तर गेलाच ना आपला?"

"गेला. पर पावण्याच्या तोंडात गेला. आपुन कुठं खाल्ला? आपुन खाल्ला न्हाई त्यो घरखर्चात कसा धरायचा?"

आमचं घर पेठेच्या वाटेवर. सासऱ्यांच्या वेळचे गाडीवान गाडी सोडली की ओट्यावर टेकल्याशिवाय जात नसत. कुणी राधानगरीकडून तांदूळ घेऊन आलेला, कुणी नुसताच वाट चुकलेला. आत्ती ओळख विचारायच्या आधी गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या पुढे करायच्या. "बसा पावणं." मग नाव, गाव, ऊस कसा आहे, बैलाचं खूर बरं झालं का. मी सारं ऐकून घेतलं आणि भीत भीत म्हटलं की पाण्याबरोबर जरा लहान खडा दिला तर? आत्तींनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही. रात्री मालकांपाशी गाऱ्हाणं नेलं तर तेही आईच्याच बाजूचे. गुळाची पेठ उशाशी आणि आपण खडा बारीक करायचा, लोक काय म्हणतील, असं त्यांचं म्हणणं. तेव्हापासून गुळाचा मोगा नावालाच राहिला.

नवरात्र उठलं आणि मी बुबूला बोलावून मोगे रिकामे केले. तिने पाच ढीग घातले, हाताने सारखे केले. डाळ थोडी. तेल थोडं. जोंधळा एवढासा. आणि तांदळाचा ढीग असा की वरचे चिंचोके घरंगळून जोंधळ्यात जायला लागले. तांदळाचा भाव जोंधळ्याच्या किती वर, हे मला आता वाण्याच्या वहीशिवायही कळत होतं. वाण्याची बाकी म्हणजे दुसरं तिसरं काही नव्हतं, भात होता.

बुबूने ढीग मोडले. चिंचोके परत भरता भरता एवढंच म्हणाली की ह्या गल्लीत रोज भात फक्त तुमच्या घरी शिजतो. तो वास कुडातून तिच्याकडे जायचा.

मला ते नवं नव्हतं, पण मी त्याचा अर्थ वेगळा लावला होता. सासरे जन्मभर कोकणात जा-ये करत होते, म्हणून ह्या घराला भाताची गोडी लागली असणार, असं मी धरून चालले होते. आत्ती ताटातला भात निपटून खायच्या, "दात न्हाईत मला, भातच बरा," म्हणायच्या. मालक सकाळी आत्तींनी थापलेल्या दोन भाकरी फडक्यात बांधून न्यायचे आणि रात्री मुकाट्याने भात जेवायचे. मग त्यांच्या तोंडचा भात मी कसा काढून घेणार? मी तोड काढली ती अशी की आपला वाटा कमी करायचा. डेऱ्यातून काढलेल्या तांदळातली एक मूठ परत टाकायची आणि आपल्या पानात आमटीच जास्त घ्यायची. तिखट आमटी नुसती प्यायची म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसालाच विचारावं.

आठ-दहा दिवस हे चाललं. मी अर्धपोटी उठतेय हे आत्तींच्या डोळ्यांतून सुटलं नाही. त्यांनी मला विचारलं नाही, बुबूला सांगितलं. आणि एके संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो असताना बुबू ओढणीखाली काहीतरी झाकून दारात आली. हसत हसत तिने हात पुढे केला. कोवळ्या, आंबट चिंचा.

मला आधी वाटलं, चिंचोके संपले म्हणून आणल्या. मग दोघींच्या तोंडाकडे बघितलं आणि कळलं. आत्तींचे डोळे भरून आले होते. मालक ताटातच बघत होते, कान लाल.

"तसलं काही नाही हो," मी म्हटलं. आणि त्यांचा उतरलेला चेहरा बघवेना म्हणून सगळं सांगून टाकलं. तांदळाचा ढीग, वाण्याची बाकी, शिमगा, परत टाकलेली मूठ. मी म्हटलं, तुम्हां दोघांना भात लागतो, तो मला तोडायचा नव्हता.

आत्तींनी हातातला घास ताटात ठेवला.

"अगं पोरी, आम्ही भाताची माणसं हाय व्हय? तू आलीस त्या दिशी भाकरी तुझ्या नरड्याखाली उतरंना. पाण्याच्या घोटासंगं ढकलत हुतीस, डोळ्यांत पाणी. मी ह्याला म्हटलं, पोरगी एवढ्या लांबनं आलीया, उपाशी मारायची न्हाई. तांदूळ आण. तवापासनं ह्या घरात भात शिजतोय, त्यो तुझ्यापायी."

"आणि तुमचे दात?"

"दातांना काय धाड भरलीया!" म्हणून त्यांनी तोंड उघडून दाखवलं. एक-दोन सोडले तर सगळे जागेवर.

मालकांनी ताट बाजूला सारलं. "म्हंजे तीन वरसं मी उपाशी निजलो ते कुणासाठी?"

मग त्यांचंही बाहेर आलं. भाताने पोट भरल्यासारखं वाटायचं आणि घटकाभरात मोकळं. म्हणून घरी यायच्या आधी पेठेत फुटाणे खायचे. रोजचे. त्यांचा मोगा कुणी मांडलाच नव्हता. बुबू दारातच बसली आणि हसून हसून तिच्या ओढणीवरचा कापूस उडायला लागला. चिंचा तेवढ्या मी ठेवून घेतल्या. त्यांची चटणी बरी झाली.

दुसऱ्या दिवसापासून आत्तींनी मला काटवटीपुढे बसवलं. लग्नाला तीन वर्षं झालेल्या बाईला भाकरी येत नाही हे गल्लीत कळू नये म्हणून दार लोटून घ्यायच्या. माझी भाकरी तव्यावर टाकतानाच तुटायची. समुद्रकिनारा असल्यासारखे तिचे काठ. मालक त्या तुकड्यांवर तेल-चटणी घेऊन असे जेवायचे की मला एवढा चांगला घास आपण ह्या माणसाला इतकी वर्षं दिलाच नव्हता, असं वाटायचं. मलाही हळूहळू ती गिळता आली. गरम असताना तूप लावून, आणि आत्ती समोर बसल्या असताना. भात सणावाराला आणि कुणाला बरं नसलं तर.

वाण्याला मात्र ते लागलं. एक दिवस त्याने मला थांबवून विचारलं, "वैनी, तांदूळ न्हाई न्हेला ह्या म्हयन्यात. काय चुकलं का आमचं?" मी पदर मागे सारून त्याला सांगितलं की काही चुकलं नाही, जोंधळा घाला. मग सावकाश चालत निघाले. मी घरी येऊन कडी घातली आणि ती बघायलाही परत गेले नाही. त्या एका दिवशी.

सहावा मोगा मालकांनी स्वतः आणला, फुटाण्यांचा. त्यात चिंचोक्याऐवजी वाचलेला पैसा पडायचा. पौषात बाकी फिटली, माघात गाडीभाडं जमलं, आणि शिमग्याच्या आधी आम्ही सासऱ्यांच्या जुन्या जोडीदाराच्या गाडीतून घाट उतरलो. आत्तींनी बरोबर अर्धी ढेप गूळ दिला. तो कुठल्याच मोग्यात धरला नव्हता, हे सांगायला नकोच.

आईने मला बघितलं आणि पहिल्यांदा मनगट चाचपलं. मग पानात वाफाळता भात वाढून समोर बसली. लाल तांदळाचा, आमच्याच कोपऱ्यातल्या शेताचा. मी खात होते आणि ती भीत भीत विचारत होती, अगदी माझ्यासारखी, "तिथं पोटभर भात मिळतो ना गो तुला?"

"मागितला तर रोज मिळेल," मी म्हटलं.

त्यात खोटं काहीच नव्हतं. तिचा जीव खाली बसला. चार दिवस मी दोन्ही वेळा भात खाल्ला, आणि पाचव्या दिवशी आईला नाचणीची भाकरी करायला लावली. तिला ते नवल वाटलं. भाकरी मी थापली, तिने माझे हात बघितले.

परत घाट चढून कोल्हापुरात शिरलो तेव्हा दिवस मावळला होता. गल्लीच्या तोंडाशी वाण्याने हात वर केला. घराशी आलो तर दारातच वास आला. आत्तींनी भात टाकला होता. डेऱ्यात तळाला राहिलेले तांदूळ त्यांनी आम्ही येऊ त्या दिवसासाठी राखले होते. पाय धुऊन मी सवयीने फडताळाकडे गेले, पिशवीतून चिंचोका काढला आणि तांदळाच्या मोग्यात टाकायला वाकले.

आत्तींनी मनगट धरलं.

"त्यो नगं टाकूस. पावण्याचा भात हाय."

"पावणं कोण?"

"तू की. आजच्या दिस." मग गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या माझ्यापुढे करून त्या चुलीकडे वळल्या. "बस. आणि आईचं सांग."